बाबागाडी घेताना: पुण्यातले पालक आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

आमचं काम बाबागाड्या दुरुस्त करण्याचं आणि भाड्याने देण्याचं. नव्या गाड्या आम्ही विकत नाही, त्यामुळे अमुकच घ्या असं सांगण्यात आमचा काही फायदा नाही. फोनवर, दुकानाच्या पायरीवर आणि आता व्हॉट्सॲपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मुळात बाबागाडी लागतेच का? सासूबाई म्हणतात, आमची मुलं कडेवरच मोठी झाली.

झालीच. पण त्या वेळी घरात कडेवर घेणारी माणसंही बरीच असायची. आज बाळ, डायपरची पिशवी, पाण्याची बाटली आणि फोन हे सगळं एकाच माणसाच्या अंगाखांद्यावर येतं.

तरीही सगळ्यांनाच गाडी लागते असं नाही. घरात दोन स्कूटर, दारात अरुंद बोळ, बोळात दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाक्या, आणि फिरायला जायचं म्हणजे आधी गाडीला किक मारायची अशी रीत असेल, तर बाबागाडी आठवड्याभरात गॅलरीत जाते आणि तिच्यावर दुपटी वाळत पडतात. अशा घरांनी छातीशी बांधायची चांगली झोळी घ्यावी आणि प्रवासापुरती गाडी भाड्याने न्यावी. याउलट सोसायटीत आतला रस्ता आहे, लिफ्ट आहे, किंवा दहा मिनिटांत चालत एखादी बाग आहे, तर गाडी रोज सकाळ-संध्याकाळ बाहेर पडेल आणि पैसे वसूल होतील.

कोणत्या कंपनीची घेऊ?

हा प्रश्न शेवटचा. आधी टेप घ्या आणि स्वतःच्या दारातून निघा. फ्लॅटचं दार, लिफ्टचं दार, पार्किंगमधला उतार, फाटकाची चौकट, मग फूटपाथ. पुण्यात दुचाक्या चढू नयेत म्हणून फूटपाथच्या तोंडाशी खांब रोवलेले असतात. दुचाकीवाला कुठून तरी घुसतोच, बाबागाडी मात्र अडकते. त्या दोन खांबांमधलं अंतर मोजा. एका बाळाच्या गाडीची रुंदी साधारण ४५ ते ६० सेंटीमीटर असते. जुन्या वाड्यात राहत असाल तर दिंडी दरवाजाचा उंबरठाही बघा, कारण तिथे गाडी ढकलता येत नाही, उचलावीच लागते.

आता आपल्या वाटेवर किती वेळा उचलायची, किती वेळा घडी घालायची आणि किती लांब ढकलायची, ते मनाशी मांडा. जास्त उचलायची असेल तर हलकी, जास्त ढकलायची असेल तर मोठ्या चाकांची. दोन्ही सारखंच असेल तर मधली घ्या आणि थोडी कुरकुर सहन करा. एवढं ठरलं की कंपन्यांची यादी आपोआप आखडते. लव्हलॅप, आर फॉर रॅबिट, मी मी, चिको, ग्रॅको, जोई या सगळ्यांच्या गाड्या आमच्याकडे दुरुस्तीला येतात. प्रत्येकाची एखादी जात दणकट निघते, एखादी नाजूक. नावापेक्षा सुटे भाग मिळतात का हे विचारा. पुढचं चाक, बेल्टचं बक्कल आणि बाळाच्या डोक्यावरचा टप या तीन वस्तू वेगळ्या मिळत नसतील, तर स्वस्त गाडी शेवटी महाग पडते.

आम्ही सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. काय घ्यावं?

सहा-सात किलोंच्या वर जाऊ नका. एका हाताने घडी होणारी आणि खांद्याला अडकवायला पट्टा असलेली घ्या. वजन वाचून नाही, उचलून ठरवा. खोक्यावरचा आकडा काही वेळा टप आणि सामानाची खालची जाळी काढून लिहिलेला असतो.

दुकानात एक गोष्ट मुद्दाम करून बघा. विक्रेता गाडी मिटून दाखवतो तेव्हा त्याचे दोन्ही हात मोकळे असतात, आणि तिसरा हात म्हणून तो पायही वापरतो. त्याला म्हणावं, थांबा. मग आपलं बाळ कडेवर घ्या आणि उरलेल्या एका हाताने गाडी मिटवा, उचला, चार पायऱ्या चढा, पुन्हा उघडा. जी गाडी या परीक्षेत नापास होते, ती घरी रोज नापास होणार. बाळाला खाली गाडीत एकटं ठेवून वर सामान ठेवून येणं हा पर्याय धरूच नका, पार्किंगमध्ये वॉचमन असला तरी.

छत्रीसारखी मिटणारी गाडी अशाच अडचणीतून निघाली. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश विमान-अभियंता. स्पिटफायर विमानाची चाकं आत घेणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. लेक नातीला घेऊन विमानाने आली तेव्हा तिच्या अवजड गाडीचे हाल त्यांनी पाहिले, आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंच्या आत बसणारी, लांबट मिटणारी गाडी तयार केली. आजच्या बहुतेक हलक्या गाड्या त्याच वंशातल्या. लांबट मिटणारी गाडी दाराआड उभी राहते, चौकोनी मिटणारी पलंगाखाली जाते. घरात कोणता कोपरा रिकामा आहे त्यावर ठरवा.

कितव्या महिन्यापासून बसवता येतं?

बसवायचं तर सहा महिन्यांच्या आसपास, बाळ मान धरून आधाराने नीट बसायला लागल्यावर. त्याआधी निजवायचं, आणि त्यासाठी सीट पूर्ण आडवी व्हायला हवी. खोक्यावर ‘० महिन्यांपासून’ छापलेलं असलं तरी सीट पूर्ण मागे करून गाडीकडे बाजूने बघा. पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे खोलगट घडी पडत असेल, तर तान्हं बाळ तिथे दुमडतं. हनुवटी छातीला टेकली की छोट्या बाळाची श्वासाची वाट अरुंद होते. तो खड्डा भरायला उशी किंवा जाड दुपटं घालू नका, त्याने मान आणखी पुढे येते.

आता व्यवहाराचं बोलू. आपल्याकडे बाळ-बाळंतीण सव्वा महिना घरातच असतात. बाळाची पहिली मोठी स्वारी निघते ती दीड महिन्याच्या लशीला. मग अडीच महिने, साडेतीन महिने. दवाखान्यात तर ते मांडीवरच असतं. म्हणून बाळंतविड्याबरोबरच गाडी घ्यायची घाई नको. सहा-एक महिने थांबलात तर पूर्ण आडव्या सीटच्या जड गाडीची गरज उरत नाही, आणि निवड मोठी होते. आजी-आजोबांना बारशाला गाडीच द्यायची असेल, तर पैसे द्या म्हणावं. जरा अवघड जातं बोलायला, पण गाडी बदलून घ्यायला नेणं त्याहून अवघड.

गाडीत झोप लागली तर? लागतेच, गाडी हलते ना. घरी पोचल्यावर मात्र सपाट गादीवर निजवा. बसक्या स्थितीत तासन्‌तास झोपवून ठेवू नका.

चाकं कोणती चांगली?

आमच्याकडे येणाऱ्या दुरुस्त्यांत सगळ्यात मोठा वाटा चाकांचा असतो, त्यातही पुढच्या चाकांचा.

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी चालते. खरी परीक्षा बाहेर. पेव्हर ब्लॉकच्या फटी, बसलेलं चेंबर, डांबराचे दोन थर चढवून झालेली पायरी, सोसायटीवाल्यांनी हौसेने घातलेला उंचच उंच स्पीडब्रेकर. लहान, कडक प्लॅस्टिकची जोडचाकं यातल्या कशालाही अडतात. चाक अडलं की ढकलणारा जोर लावतो आणि सगळा ताण पुढच्या चाकाच्या खोबणीवर येतो. आधी ती खोबणी ढिली होते, मग चाक थरथरतं, मग एके दिवशी रस्ता ओलांडताना ते हातात येतं.

म्हणून निदान सहा-सात इंचांचं चाक, वर रबर किंवा मऊ फोमचा थर, आणि पुढच्या चाकांना स्प्रिंग. पुढची चाकं गरगर फिरणारी हवीत, पण ती सरळ कुलूपबंद करायची खटकीही हवी. खडबडीत रस्त्यावर चाकं सरळ बांधली की थरथर थांबते. हवेची मोठी चाकं सगळ्यात मऊ चालतात, पण ती असलेली गाडी जड असते आणि पंक्चर काढणारा सायकलवाला आता शोधावा लागतो. रोज टेकडीच्या पायथ्याशी किंवा विद्यापीठात फिरणाऱ्यांनी ती घ्यावी, इतरांनी उगाच नको.

विकत घेण्याआधी गाडीत काहीतरी वजन ठेवा आणि दुकानासमोरच्या फूटपाथवर एका हाताने ढकलून बघू द्या म्हणावं. नाही म्हणणारं दुकान सोडा. एक हात यासाठी, की दुसरा हात पुण्याच्या रस्त्यावर येणाऱ्या रिक्षाला थांबवण्यात जातो.

फूटपाथवरून खाली उतरताना गाडी उलटी करा, मागची चाकं आधी उतरवा. चढताना हँडल दाबून पुढची चाकं उचला. धडक मारून चढवणाऱ्यांच्या गाड्या आम्हाला लांबूनच ओळखू येतात.

बाळाचं तोंड आपल्याकडे हवं की पुढे?

लहान बाळाचं आपल्याकडे. २००८ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी रस्त्यावरच्या गाड्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा समोरासमोर असलेल्या बाळांशी मोठी माणसं दुपटीहून जास्त बोलताना आढळली. वर्षाच्या पुढचं मूल मात्र कुत्री, बस आणि फुगेवाला बघायला पुढेच तोंड करून बसायचा हट्ट धरतं.

दिशा बदलायचे दोन प्रकार आहेत. एकात सीट काढून उलटी लावतात, ती गाडी जड आणि महाग. दुसऱ्यात नुसतं हँडल पलीकडे उलटतं. हे स्वस्त, पण हँडल उलटल्यावर फिरणारी चाकं ढकलणाऱ्याच्या बाजूला येतात आणि वळवताना गाडी भलतीकडेच जाते. चारही चाकं फिरणारी असतील तर त्रास कमी. दुकानात दोन्ही बाजूंनी ढकलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आमच्याकडे कार आहे. कारसीट आणि बाबागाडी असा एकत्र सेट घ्यावा का?

आधी डिकी उघडा. सीएनजीची कार असेल तर तिथे सिलिंडर बसलेला असतो, आणि मग सेटमधली भली मोठी फ्रेम मागच्या सीटवर, म्हणजे आजीच्या जागेवर जाते. हे आम्ही गंमत म्हणून सांगत नाही. असे सेट जेमतेम वापरून परत विकायला काढलेले नेहमी दिसतात. सेटमधली टोपलीसारखी कारसीट बाळाला साधारण वर्ष-सव्वा वर्ष पुरते.

पण कारसीट हवीच. मांडीवरचं बाळ जोरात ब्रेक लागल्यावर कोणालाही धरून ठेवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीच्या सीटने बांधणं बंधनकारक आहे. पैसे मोजकेच असतील तर चांगली कारसीट घ्या, तिच्यावर ईसीई आर४४ किंवा आर१२९ या कारसीटच्या सुरक्षा मानकांचा शिक्का बघा, आणि बाबागाडी साधी घ्या. उलटं करू नका.

रिक्षात मिटलेली हलकी गाडी मागच्या सीटच्या पाठीमागे बसते. स्कूटरच्या पुढच्या हुकाला मात्र बाबागाडी अडकवू नका. वळताना हँडल अडतं.

मेट्रोत, बसमध्ये, विमानात चालते का?

मेट्रोत उत्तम. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन्ही मार्गांच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, आणि तिकिटाच्या फाटकांत एक रुंद फाटक असतं, तिथून गाडी जाते. सरकत्या जिन्यावर गाडी चढवू नका, लिफ्टची रांग परवडली. डब्यात शिरल्यावर ब्रेक लावा आणि तरीही हँडलवरचा हात काढू नका. मार्ग बदलायला जिल्हा न्यायालय स्टेशनवर उतरत असाल तर हाताशी वेळ ठेवा. ते स्टेशन जमिनीखाली बरंच खोल आहे आणि लिफ्ट बदलाव्या लागतात.

पीएमपीच्या बसमध्ये गर्दीच्या वेळी गाडी मिटूनच चढा, बाळ कडेवर. विमानात बहुतेक कंपन्या मिटणारी गाडी दारापर्यंत नेऊ देतात आणि तिथे सामानात घेतात. नियम कंपनीगणिक वेगळे, तिकीट काढताना वाचा. सामानात जाणाऱ्या गाडीला पिशवी घाला, खालची जाळी रिकामी करा, टप काढता येत असेल तर काढून हातात ठेवा.

उन्हाळ्यात वरून ओढणी टाकली तर चालेल?

नाही. एप्रिलमध्ये हा प्रकार रोज बघतो आणि जीव घाबरतो. कापड पातळ असलं तरी आतली हवा कोंडते, आतलं तापमान भराभर वाढतं आणि बाळ दिसेनासं होतं. मोठा, खालपर्यंत येणारा, मागे जाळीची खिडकी असलेला टप बघा. आणि उन्हाळ्यात साडेदहानंतर बाहेर जायचंच कशाला?

पावसाळी कव्हरलाही हवेची भोकं हवीत. पाऊस थांबला की कव्हर लगेच उघडायचं. भिजलेली गाडी मिटून कोपऱ्यात ठेवली तर दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ते कापडावरून शंभर टक्के कधीच जात नाहीत. डासांसाठी जाळी घ्या, पाषाण तलावाकडे किंवा नदीकाठी संध्याकाळी जाणार असाल तर नक्कीच.

सुरक्षिततेसाठी काय बघायचं?

पाच टोकांचा बेल्ट: दोन खांदे, दोन कमरेला, एक पायांमधून. नुसत्या कमरेच्या बेल्टवर आठ महिन्यांचं मूल उभं राहतं. ब्रेक एकदा दाबल्यावर दोन्ही चाकांना लागला पाहिजे. कागदपत्रांवर ईएन १८८८ हा युरोपीय मानकाचा उल्लेख असेल तर चांगलं.

घडीच्या सांध्यांकडे विशेष लक्ष द्या. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेनच्याच सुमारे १० लाख गाड्यांसाठी सांधे झाकणारी कव्हरं द्यावी लागली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं बिजागरीत सापडून तुटल्याच्या १२ तक्रारी आल्या होत्या. नामांकित कंपनीचं हे झालं. गाडी उघडताना आणि मिटताना मूल हातभर लांब, आणि शक्यतो दुसऱ्याच्या ताब्यात.

आणि मंडईतून येताना भाजीच्या पिशव्या हँडलला अडकवू नका. मूल गाडीत आहे तोवर तोल सांभाळला जातो. मूल उचललं की गाडी मागे कोसळते, टोमॅटोंसकट. मूल बारीक असेल तर मुलासकटही. सामान खालच्या जाळीत.

किती वर्षं पुरेल? जुनी घेतली तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार वर्षाचं मूल सरासरी नऊ-साडेनऊ किलोंचं आणि तीन वर्षांचं साधारण चौदा किलोंचं असतं. त्यामुळे १५ किलोंची मर्यादा असलेली गाडी बहुतेकांना तीन वर्षांपर्यंत पुरते. त्याआधीच मूल गाडीत बसायला नकार देतं, तो भाग वेगळा.

साधी गाडी नवी तीन-चार हजारांपासून मिळते, बरी सहा ते बारा हजारांत, परदेशी हलक्या गाड्या चाळीस हजारांच्याही पुढे जातात. जुनी जरूर घ्या. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर कोणाच्या तरी गॅलरीत असतेच. बघताना गाडी रिकामी ढकला आणि हात सोडा: सरळ गेली पाहिजे. घडीची खटकी तीन-चार वेळा लावून बघा, आवाज स्पष्ट यायला हवा. बक्कल उघडायला जोर लागला पाहिजे. फ्रेमला वेल्डिंगचा जोड दिसला तर घेऊ नका. जुनी कारसीट मात्र अनोळखी माणसाकडून नको, ती अपघातातून आली आहे का ते बाहेरून कळत नाही.

जुळी आहेत.

अभिनंदन. शेजारी-शेजारी बसायची गाडी जवळपास ७५ सेंटीमीटर रुंद असते, आधी लिफ्टचं दार मोजा. मागे-पुढे बसायची गाडी दारातून जाते, पण लांब आणि वळायला जड. बऱ्याच घरांत एक साधी गाडी आणि एक झोळी यावरच भागतं.

बाबागाडीऐवजी वॉकर घेतला तर?

दोन्हींचा काही संबंध नाही. चाकांचा, आत बसून पळायचा वॉकर घेऊच नका. जिन्यावरून पडण्याच्या धोक्यामुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. चालायला शिकवायचं असेल तर आपला लाकडी पांगुळगाडा बरा, मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभं असतं.

पुण्यात फिरवायची कुठे?

विद्यापीठाच्या आवारात सकाळी. सावली आहे, रस्ते रुंद आहेत. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, एरंडवण्यातलं कमला नेहरू पार्क, एम्प्रेस गार्डन. जंगली महाराज रस्त्याचा नवा फूटपाथ सकाळी लवकर ढकलायला छान, संध्याकाळी माणसांतून वाट काढावी लागते. सारसबागेत आत चांगलं फिरता येतं, रविवार टाळा.

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, गाडी घरी ठेवा. टेकड्यांवरही नको, मातीत लहान चाकं रुततात. गणपतीच्या दहा दिवसांत मध्यवर्ती पेठांत गाडी नेऊच नका, तिथे झोळीच. लक्ष्मी रस्त्यावर बाबागाडी निवांत फिरवायची हौस असेल तर ११ डिसेंबरची वाट बघा. २०२१ पासून महापालिका त्या दिवशी पादचारी दिन पाळते आणि रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद असतो. उरलेल्या दिवसांत तिथे धडधाकट माणसाचीही पंचाईत.

गाडी करकरते. खोबरेल सोडू का?

सोडू नका. खोबरेलावर धूळ बसते, थंडीत ते थिजतं आणि करकर दुप्पट होते. आधी चाक काढा. आसाभोवती केस, ओढणीचे धागे, कधी पतंगाचा मांजाही गुंडाळलेला असतो. तो कात्रीने कापून काढा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉनचा फवारा मारा. घडी अडत असेल तर खटकीत बहुतेक बिस्किटाचा चुरा असतो, जुन्या टूथब्रशने निघतो.

एवढं करूनही जमलं नाही तर घेऊन या. येताना गाडीचं मॉडेल लिहिलेल्या चिकटपट्टीचा फोटो आधी पाठवा, ती सहसा मागच्या दांडीवर खालच्या बाजूला असते. चाक, बक्कल, बेल्ट, टप आम्ही बदलतो. वाकलेली फ्रेम सरळ करून देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.